मामाची शिकवणी

“पुन्हा तेच लिहिलंस,” बालाजी म्हणाला आणि त्यानं मंजुश्रीच्या कागदावर लाल रेघ मारली. “दोर बांधून ओढायचं न्हाई इथं. पायाचं बोट रेघेवर टेकवायचं. टी-ओ-डब्ल्यू न्हाई, टी-ओ-ई. शिस्तीत उभं ऱ्हायचं, एवढाच अर्थ.”

मंजुश्रीनं ‘टो द लाइन’ पुन्हा लिहिलं. गेलं वर्षभर घरातले सगळे तिला हेच सांगत होते, फक्त मराठीत.

परीक्षा कलबुर्गीला होती. इंग्रजी पुस्तकं छापणाऱ्या बंगळुरूच्या एका कंपनीला मजकूर तपासणारी माणसं हवी होती. चाचणीत सगळा भर अशाच फसव्या वाक्प्रचारांवर असायचा. उच्चार एकच, स्पेलिंग भलतंच. भल्याभल्यांची तिथं दांडी उडायची. मंजुश्री दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, पुढं इंग्रजीत एम.ए. केलेली. तिला ही नोकरी हवीच होती, कारण ती मिळाली नाही तर माघात तिचं लग्न होतं. नवरा म्हणजे समोर लाल पेन घेऊन बसलेला हाच बालाजी, तिच्या आईचा सख्खा धाकटा भाऊ.

ठाणाकुशनूर गावी त्यांच्या घराण्यात यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. बहिणीच्या मुलीवर पहिला हक्क मामाचा, हे तिच्या पाळण्यापाशीच ठरलेलं. मंजुश्रीला मात्र नुसता विचारही सहन होत नव्हता. ज्याच्या खांद्यावर बसून जत्रा पाहिली, त्याच्याच गळ्यात हार घालायचा? रडून, भांडून, उपाशी राहून तिनं वडिलांकडून, किशनरावांकडून, एवढीच सवलत मिळवली होती. पास झाली तर बंगळुरू, नाही तर अक्षता.

आणि शिकवायला कोण, तर औरादच्या शाळेत इंग्रजी शिकवणारा मामाच. तोही आपणहून तयार झालेला. हे ऐकून तिच्या आईला, कमलबाईंना, हसू आवरेना. शेजारच्या सत्यभामाबाईंनी तर मंजुश्रीच्या तोंडावरच विचारलं.

“त्यो कामून पास करंल तुला? सोताचं लगीन सोता कोण मोडतंय का?”

हे वाक्य मंजुश्रीच्या डोक्यात घर करून बसलं. संध्याकाळी मामा औरादला परत गेला की ती त्यानं शिकवलेलं सगळं फोनवर ताडून बघायची. ‘बेटेड ब्रेथ’मध्ये माशाच्या गळाचं आमिष नसतं, रोखून धरलेला श्वास असतो. बरोबर. ‘फ्री रेन’मध्ये राजाचं राज्य नसतं, घोड्याचा सैल सोडलेला लगाम असतो. तेही बरोबर. एकही चूक सापडेना, तसतसा तिचा धीर सुटत चालला. नक्कीच त्यानं काहीतरी राखून ठेवलं असणार, आणि नेमकं तेच परीक्षेत येणार.

मामाचं वागणंही दिवसेंदिवस चमत्कारिक होत गेलं. तिचं एखादं उत्तर चुकलं की त्याचा चेहरा पडायचा. ‘पीस ऑफ माइंड’मधली मनाची शांती आणि रागानं सुनावलेला मनाचा तुकडा यांत तिनं तिसऱ्यांदा घोळ घातला, तेव्हा त्यानं कागद टराटरा फाडला आणि अंगणात जाऊन डोकं धरून बसला. एवढा राग कशासाठी, हे तिला कळेना. भीती तेवढी वाढली.

परीक्षेच्या दिवशी किशनराव सोबत निघाले होते. बालाजीनं त्यांना थांबवलं, मीच नेतो म्हणाला आणि दिवस उगवायला तिला मोटारसायकलवर बसवलं. हुमनाबाद मागं पडलं आणि मोकळ्या रानात गाडी लटपटली. मागचं चाक बसलं होतं. जवळपास ना वस्ती, ना पंक्चरचं दुकान.

आपण एवढं शिकलो आणि शेवटी या रस्त्यावर येऊन अडकलो, असं वाटून मंजुश्रीला रडूच फुटलं.

“मामा, तुमी मुद्दाम करायलाव हे,” ती म्हणाली.

बालाजी सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. तुरीची पोती भरलेला ट्रक हॉर्न वाजवत अंगावर आला तरी हलला नाही. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला आणि कानडीत त्याचा उद्धार केला. बालाजीनं हात जोडले, मग ड्रायव्हरचे पायही धरायला गेला. मोटारसायकल तिथंच टाकून दोघं केबिनमध्ये चढले. कलबुर्गी येईपर्यंत तो वाक्प्रचार विचारत राहिला आणि ती डोळे पुसत उत्तरं देत राहिली.

निकाल त्याच दुपारी लागला. कंपनीच्या बाईंनी दारात उभं राहून नावं वाचली. मंजुश्रीचं नाव त्यात होतं. बालाजी मटकन पायरीवर बसला आणि रुमालात तोंड खुपसून हमसून हमसून रडायला लागला.

मंजुश्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या माणसावर आपण संशय घेतला. तिनं वाकून त्याच्या पायाला हात लावला.

“मामा, माझ्यापायी तुमी सोताचा संसार मोडलाव. मी जलमभर इसरणार न्हाई.”

“ऊठ,” तो म्हणाला. गावाकडं निघण्याआधी एका ठिकाणी जायचंय, एवढंच त्यानं सांगितलं.

तो झपाझप पुढं चालला होता. मागून येताना मंजुश्री ठरवत होती, आईला काय सांगायचं, सत्यभामाबाईंना काय सुनावायचं. मामानं केवढा त्याग केला, हे सगळ्या गावाला कळायला हवं होतं.

एका गल्लीत शिरून बालाजीनं निळ्या दाराची कडी वाजवली. कडेवर लेकरू घेतलेल्या एका बाईनं दार उघडलं. बालाजीला बघताच लेकरू “अप्पा, अप्पा” करत त्याच्याकडं झेपावलं.

“पोरगी पास झाली, मल्लेश्वरी,” लेकराला छातीशी धरत बालाजी म्हणाला. “सामान बांध. कमलअक्काला तिची भावजय दाखवायला नेतो.”