बियाण्याचा ढीग

“हा ढीग इका आन् पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब टाका. मग तारीख काढू,” दादाभाऊ म्हणाले. त्यांनी बराखीतल्या, म्हणजे कांदा साठवायच्या चाळीतल्या, ढिगाकडे बोट केलं.

बोरी बुद्रुकच्या भरतला एवढं चांगलं स्थळ आजवर चालून आलं नव्हतं. वय बत्तीस. शेती चोख, पाणी बारमाही, व्यसन सुपारीचंसुद्धा नाही. पण नोकरी नाही, आणि हल्ली पोरीचा बाप आधी नोकरी विचारतो, मग पोराचं नाव. चौदा ठिकाणांहून नकार आले होते. भरतची आई साळुबाई आता देवळात गेली की नुसतं ‘सून’ एवढंच म्हणायची. बाकीचं देवाला पाठ झालं होतं. आणि आज, दसरा होऊन चार दिवस झाले नाहीत तोच, पारगावचे दादाभाऊ लेकीला घेऊन घर बघायला आले होते. लेक प्रतिभा, शिकलेली, तरी शेतात रमणारी. पोहे झाले, चहा आला, सगळं सुरळीत चाललं होतं.

घोळ घातला तो गोरखमामानं. हा साळुबाईचा भाऊ, आणि स्थळही त्यानंच आणलेलं. कांद्याचा बाजार कडाडलेला असताना साठ गोण्या भरतील एवढा एक नंबर कांदा घरात पडून आहे, हे पाव्हण्यांना दिसलं तर पोरगा बिनडोक ठरेल, असं त्याच्या मनानं घेतलं. म्हणून सकाळीच त्यानं ढिगावर निळी ताडपत्री टाकली. आता शेतकऱ्याला झाकलेला ढीग दिसावा आणि त्यानं कोपरा उचलून बघू नये, असं कधी झालंय का? दादाभाऊंनी हातातला कप खाली ठेवायच्या आधीच ताडपत्री उचलली.

बारीक मानेचा, एकसारखा, गुलाबी कांदा. दादाभाऊ बघतच राहिले.

“एवढा माल, आन् ह्या बाजारात घरात?”

“इकायचाच हाये की, पाव्हणं,” मामा घाईनं म्हणाला. “उद्या गाडी लावतोय.”

त्यावर दादाभाऊंनी स्लॅबचं काढलं. मागणी काही अवाजवी नव्हती. कुठल्याही बापानं तेच मागितलं असतं.

“मामा, गाडी नका लावू,” भरत म्हणाला. “हा बियाण्याचा कांदा हाये.”

मामानं त्याच्या पायावर पाय दिला. भरतनं पाय काढून घेतला.

“बी दुकानात मिळतंय की,” दादाभाऊ म्हणाले.

“मिळतंय. त्याचा कांदा दोन-तीन महिन्यांत कोंब काढतोय. आमचा सहा महिने टिकतोय. नऊ वर्सं निवडतोय मी. मोठा दिसतो तो बाजारात जातो. पण उन्हाळा-पावसाळा बराखीत काढून जो सडला नाय, ज्याला कोंब आला नाय, तोच बियाण्याला ठेवायचा. स्लॅब दोन वर्सांनी व्हईल. ही निवड एकदा गेली तर परत नऊ वर्सं.”

साळुबाईला वाटलं, यातलाच एक कांदा उचलून ह्याच्या तोंडात कोंबावा. तिनं लेकाला दंडाला धरून गोठ्यामागं ओढलं.

“हो म्हण रं. इकतो म्हण. पुढचं पुढं बघू. लोकांच्या सुना बघून बघून डोळं दमलं माझं.”

बोलता बोलता ती रडायला लागली. आईला भरतनं आजवर कशाला नाही म्हटलं नव्हतं. लोक बियाणं विकतात, पुन्हा आणतात, कुणाचं काय अडतं? एक शब्द, आणि उद्या दारात मांडव. त्यालाही घर हवं होतं, भांडायला माणूस हवं होतं. मग आईच्या हातावर थोपटून तो परत आला.

“पाव्हणं, मला लगीन करायचंय. लई करायचंय. पण हे इकणार नाय.”

दादाभाऊंनी टोपी सारखी केली. “तुमचा इचार तुमच्यापाशी. निघतो आमी.”

मामा मटकन ओट्यावर बसला. पंधरावा नकार त्यानं मनातल्या मनात मोजूनही टाकला. साळुबाईनं डोळे पुसले आणि हळदीकुंकवाचा करंडा आणायला ती आत गेली. सोयरीक मोडली तरी पोरीला कोऱ्या कपाळानं कसं लावून द्यायचं?

प्रतिभा अजून ढिगापाशीच होती. एकेक कांदा उचलून मान दाबून बघत होती. कुठलाच मऊ लागत नव्हता.

“चल गं,” दादाभाऊंनी हाक मारली.

“अप्पा, मला हे घर पसंत हाये.”

साळुबाई करंडा घेऊन उंबऱ्यातच थांबली.

दादाभाऊ वैतागले. “आगं, पाच स्थळं मोडलीस तू. स्लॅबची घरं व्हती, दारात गाड्या व्हत्या. मी मागीन त्याला हो म्हणत व्हती माणसं. एकानं तर माझ्या शब्दाखातर रानाचा तुकडा काढला व्हता इकायला. ती नको, आन् हितं पत्र्याखाली राहायला तयार?”

“राहीन की पत्र्याखाली,” प्रतिभा म्हणाली. “पण तुमच्या एका शब्दावर जो काय बी इकायला काढतो, त्याच्या घरात नाय राहायची मी.”