पाचवा गोल

राष्ट्रीय फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष फडतरे साहेब यांनी गळ्यातला हार काढून माइक हातात घेतला. "याच संघाकडून मागच्या स्पर्धेत आपल्या सतरा वर्षांखालच्या पोरांनी नऊ गोल खाल्ले होते. यंदा फक्त पाच. याला म्हणतात प्रगती."

टाळ्या पडल्या. परदेशात आमचा सामना चालू होता तेव्हा साहेब तिथल्या बाजारात बॅगा बघत फिरत होते.

शाल-श्रीफळ घ्यायला मला बोलावलं. मी गोलकीपर. माइक समोरच होता.

"साहेब, मध्यंतरानंतर त्यांना कंटाळा आला. गंमत म्हणून त्यांनी स्वतःचा गोलकीपर पुढे खेळायला पाठवला. पाचवा गोल त्याचा."

साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "ऐकलंत? आपल्या पोरांनी त्यांच्या गोलकीपरलासुद्धा जागा सोडायला लावली."

पहिल्या रांगेत माझा बापही टाळ्या वाजवत होता.