अडलं तर विचारा

तिचा नवरा शिलाई मशीन दुरुस्त करायचा. घरी आला की तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचा. "जेवायला वाढू का?" विचारलं तर नुसती मान हलायची. कारागिरांच्या ऑनलाइन ग्रुपवर मात्र परक्या माणसांनाही तो जीव तोडून समजावायचा.

आज 'नवशिकी' नावाच्या कुणीतरी तिथे विचारलं, "दादा, धागा सारखा तुटतोय, काय करू?"

बाहेरच्या खोलीत चष्मा लावून त्याने लगेच व्हॉइस मेसेज पाठवला. "ताई, घाबरू नका. आधी सुई बदला, मग धाग्याचा ताण जरा कमी करा. अडलं तर कधीही विचारा, मी आहे."



स्वयंपाकघरात तिने तो मेसेज फोन कानाशी धरून तीनदा ऐकला, आणि उद्या मशीनचं काय बिघडवावं याचा विचार करत ताट वाढायला घेतलं.