कोंबड्यांच्या पाण्यातलं औषध

अतिदक्षता विभागाच्या दाराशी डॉक्टरीणबाईंनी हिरामणला गाठलं. त्याच्या बायकोच्या, कौसल्येच्या रक्तात भिनलेल्या जंतूंवर एकही औषध चालत नव्हतं.

"मेथी कापताना पायाला विळा लागला, एवढंच," हिरामण म्हणाला.

"मेथीला खत कसलं घालता?"

"आमच्याच पोल्ट्रीतलं, कोंबड्यांचं."

"आणि कोंबड्यांना औषध देता?"

"रोज, पाण्यातून. वजन लवकर भरतं."

"अशा औषधाला पुरून उरलेले जंतूच मागे राहतात," बाई हळूच म्हणाल्या. "कोंबडीच्या पोटातून खतात, खतातून मातीत. मातीतून जखमेत आले असावेत."

"औषध आजच बंद करतो. खत उचलून टाकतो."

"जरूर करा. पण कौसल्याबाईंना आता त्याचा उपयोग नाही."

आत कौसल्या शुद्धीवर होती. तिने त्याचं बोट घट्ट धरलं.

"पोरं कुठायत?"

"मळ्यात. मातीत खेळतायत," तो बोलून गेला आणि मग त्याला त्या मातीतलं खत आठवलं.

कौसल्येच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. "खेळू द्या. मी नाही म्हणून घरात कोंडून ठेवू नका त्यांना."

हिरामणला हो म्हणावं लागलं.