पाहुण्याचा पेला

गाडीतून उतरताना भारतीय वकिलातीतले सबनीस हफीजाला म्हणाले, "अरबांकडे रीत आहे. काही मागायचं असलं, की पाहुणा कॉफी पीत नाही, पेला तसाच खाली ठेवतो. मग यजमानाला विचारावंच लागतं. मी तेच करणार." आखाती युद्ध ऐन भरात होतं. भारताच्या एका मित्रदेशाच्या सैनिकांनी सीमेवरच्या वस्तीतल्या कोकणी मजुरांना हेर ठरवून गोळ्या घातल्या होत्या. त्यांत हफीजाचा नवरा गेला. मुलगा, यूनुस, अजून त्यांच्याच कैदेत होता.

आत त्या देशाच्या राजदूताने स्वतः कॉफी ओतली. वेलचीचा वास दरवळला. सबनीसांनी पेला टेबलावर टेकवला, पण बोटं काही सुटेनात. "तुमची माणसं न्यायला उद्या विमान उतरू देतोय," राजदूत हसत म्हणाला. "आणखी काही?" हुफूफ शहरातल्या एका शाळेत आसरा घेतलेली शेकडो भारतीय माणसं त्या विमानासाठी खोळंबली होती. सबनीसांनी पेला उचलून ओठांना लावला. पिऊन झाल्यावर, आणखी नको म्हणून तो रीतसर हलवला. "आपली मैत्री आहे, अजून काय हवं?" ते म्हणाले.

ते गाडीत येऊन बसताच हफीजा मागच्या सीटवरून पुढे झुकली. "काय म्हणाले, साहेब? सोडतायत ना माझ्या यूनुसला?"

"प्रयत्न चालू आहेत," सबनीस मागे तिच्याकडे मान वळवून म्हणाले.

ती हळूच मागे सरकली आणि ओढणी नाकाला लावून म्हणाली, "कॉफीत वेलची बरीच घालतात, नाही?"