दोन रक्षक

खोलीच्या कोपऱ्यातला काळा ढीग हाक मारूनही हलला नाही, तेव्हा प्राणीरक्षकाने गजांतून वाकून पाहिलं. ते अस्वल नव्हतंच, कांबळं होतं. म्हातारीला, म्हणजे त्या थकलेल्या अस्वलीला, थंडी बाधते म्हणून काल संध्याकाळी त्यानेच गजांमधून आत सरकवलेलं. सकाळी हा ढीग पाहून तो धरून चालला की म्हातारी खोलीत झोपली आहे, आणि खोलीचं अंगणाकडचं सरकतं दार पाडून त्याने झाडायला म्हणून पिंजऱ्याच्या अंगणाचं मागचं दार सताड उघडलं. प्राणिसंग्रहालयातल्या सव्वीस वर्षांत जी चूक केली नाही ती मायेपोटी करून बसला.

अंगणातल्या खडकामागे झोपलेली म्हातारी त्या उघड्या दारातून कधीच बाहेर पडली होती. आता ती मागच्या बोळात उभी होती. दोन उंच भिंती, आणि टोकाला जेमतेम कमरेइतकं लोखंडी फाटक. फाटकापलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये शाळेची सहल बसवून ठेवलेली. बाई जितक्या वेळा "शू" करत, तितकी मुलं जास्त हसत. त्यातल्या कुणीतरी डबा उघडला असावा. म्हातारीला दिसत जवळपास काही नव्हतं, पण नाक शाबूत होतं. ती फाटकाकडे दोन पावलं सरकली.

फाटकाशी सुरक्षारक्षक बंदूक खांद्याला लावून उभा होता. हा प्राणीरक्षकाच्या धाकट्या बहिणीचा नवरा. ती दोघांचे गणवेश एकाच दोरीवर वाळत घालायची आणि म्हणायची, "घरात दोन-दोन रक्षक, आणि पाल हाकलायला मात्र मी!" आज यातला एकही थट्टेच्या मनःस्थितीत नव्हता. सुरक्षारक्षकाच्या कमरेचा वायरलेस खरखरला. डॉक्टर भुलीची बंदूक घेऊन निघाले आहेत, वीस मिनिटं लागतील, फाटकाकडे आली तर वाट बघू नका.

"दादा, बाजूला व्हा," तो दबक्या आवाजात म्हणाला. "तुम्ही बरोबर तिच्या मागे आहात. मला नेम धरता येत नाही."

"म्हणूनच उभा आहे," बोळाच्या दुसऱ्या टोकाकडून प्राणीरक्षक म्हणाला. त्याच्या हातात पावाची बादली होती.

"इकडे चाळीस पोरं आहेत हो! मला ती राखायची आहेत."

"राखा ना. तुम्ही तिच्यापासून राखा, मी तिला राखतो. दोन मिनिटं द्या फक्त."

म्हातारी आणखी एक पाऊल पुढे सरकली. "बोला लवकर," सुरक्षारक्षक म्हणाला.

"मी बोळाकडच्या दाराने खोलीत शिरतो. बादलीच्या आवाजाला ती मागे येते. ती आत आली की बाहेरून कडी घाला. मग भिंतीवरची साखळी ओढा, म्हणजे अंगणाकडचं सरकतं दार वर जाईल. मी तिकडून निघतो. निघालो की साखळी सोडून द्या."

"मग आधी साखळी ओढतो."

"आणि कडी कोण घालणार? हात किती आहेत तुम्हाला? कडी आधी."

"गजांशिवाय कधी गेलात तिच्याजवळ?"

"छे. आज पहिलीच भेट."

एवढं बोलून त्याने बादली खडखडवली. "चल गं म्हातारे, उशीर झाला आज." आवाज नेहमीसारखा काढायचा होता. म्हातारी थांबली, मान हलवली, आणि सावकाश वळली. प्राणीरक्षक पाठमोरा न होता खोलीच्या दारात शिरला आणि दिसेनासा झाला.

आता बोळात एकटी म्हातारी होती. तिची पाठ बंदुकीसमोर होती आणि मागे कुणी नव्हतं. इतका सोपा नेम सुरक्षारक्षकाला सरावातही कधी मिळाला नव्हता. वायरलेस विचारत होता, नेम मिळतोय का, उत्तर द्या. आतून बादली वाजत होती, आणि सुरक्षारक्षक मनातल्या मनात म्हातारीला सांगत होता, जा बाई, जा.

ती आत गेली. तो फाटकावरून उडी मारून धावला, दार ओढलं आणि कडी घातली. बायकोच्या सख्ख्या भावाला त्याने आपल्या हाताने अस्वलाबरोबर कोंडलं होतं. त्याने बंदुकीची नळी गजांतून आत घातली.

प्राणीरक्षक सरकत्या दाराला पाठ लावून उभा होता. बादली त्याच्या पायाशी, आणि बादलीत म्हातारीचं तोंड. पाव चार घासांत संपला. तिने नाक वर केलं, त्याच्या गुडघ्याला लावलं, मग शर्टाला.

"बंदूक खाली ठेवा," तो ओठ न हलवता म्हणाला.

"तिने पंजा उचलला तर?"

"ठेवा. साखळीला दोन हात लागतात."

म्हातारीचं नाक आता दादाच्या गळ्याशी पोचलं होतं. सुरक्षारक्षकाने नळी बाहेर काढली, बंदूक फरशीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी साखळी धरली. ती गंजलेली होती. पहिल्याच हिसक्याला करकरली.

"हळू, जावईबापू," आतून आवाज आला. "दचकते ती."