लायलची जागा

बेचाळीस साली कॉलेजची अख्खी अमेरिकन फुटबॉलची टीम युद्धावर गेली. जे परतले ते दर शरदात, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याच्या सकाळी मैदानात उतरत. डाव ठरवताना करायचे तसं, एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून कडं करत, आणि न परतलेल्यांच्या जागा मोकळ्या सोडत. डेलमरच्या डावीकडची जागा त्याच्या बायकोच्या, इमोजिनच्या भावाची, लायलची. लहानपणी मक्याच्या यंत्रात करंगळी गमावूनही लायल पकडलेला चेंडू सोडत नसे.

यंदा डेलमर एकटाच उरला होता.

"एकट्याचं कसलं आलंय कडं?" वॉकरसकट नवऱ्याला मैदानाच्या मध्यावर नेत इमोजिन म्हणाली. "पडलास तर मी उचलणार नाही हं."

"तू आधी लांब हो. बायकांना डाव ऐकू देत नाहीत."

ती हसत कडेला जाऊन थांबली. डेलमरनं वॉकर सोडला, दोन्ही हात फैलावले आणि तो वाकला.

कॉफीच्या कपानंही थरथरणारे ते हात हवेत स्थिर राहिले. तो काहीतरी पुटपुटत होता. मधेच थांबून ऐकत होता. एकदा तर खुदकन हसला.

तो परतला तेव्हा त्याचा कोट झटकायला तिनं सवयीनं हात उचलला. महिनाभर पाऊस नव्हता, गवत वाळून पिवळं पडलं होतं. तरी कोटाच्या डाव्या खांद्यावर ओल्या चिखलाचा पंजा उमटला होता. त्याला करंगळी नव्हती.

इमोजिननं उचललेला हात त्यावर अलगद ठेवला. चिखल अजून कोमट होता.